तलावाच्या पोटातली वाट

गुरुजी, तुमच्या सायकलचं चेनकव्हर गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचं. एक स्क्रू कधीचा पडलेला, म्हणून दर पायडलला एकदा खडखडे. आई चुलीपुढूनच म्हणायची, "ऊठ गा, तुये गुरुजी कविता घेऊन आले." मी एकदा तुम्हाला म्हटलं, स्क्रू बसवून घ्या ना. तुम्ही म्हणालात, "राहू दे. बिचारं ताल धरून राहिलं आहे." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज सकाळी फाटकापाशी सायकली गोळा झाल्या तेव्हा मी त्या नव्या, गुळगुळीत चाकांमध्ये तोच आवाज शोधत बसलो होतो. एकही खडखडत नव्हती.

पावसाळ्यात तुमच्यामागे यायला चिखल आडवा यायचा, आणि हिवाळ्यात घरी धानाची कापणी, मळणी. म्हणून आपले रविवार सगळे उन्हाळ्यातले. तिरोड्याकडून बोदलकसाकडे निघायचं, ऊन तापायच्या आत. आपल्या भागात एक तलाव मागं पडतो न पडतो तोच पुढच्याची पाळ, त्याचा मातीचा बांध, दिसायला लागते. रस्ता कसा, तर जराशी चढण, जराशी उतरण, कुणालाही फार दम लागू न देणारी. मोहाचा वास इतका दाट की तोंडात गोड चव यायची. तुम्ही चढणीला तोकड्या चरणांची कविता म्हणायचात, श्वास पुरावा म्हणून. उतरणीला ओवी सोडून द्यायचात, आणि ती आपली आपण घरंगळत जायची. वर्गात मला वृत्त कधी कळलं नाही. तलावाकाठी मात्र पायांनाच कळत गेलं. एकदा मी जोरात पुढं निघून गेलो. पळसाखाली थांबलो तेव्हा तुम्ही अगदी सावकाश आलात, उतरलात, घाम पुसलात आणि विचारलंत, "काऊन रे, तलाव पळून जाऊन राहिला का?" एवढंच. रागावणं म्हणाल तर जन्मात तेवढंच, पण त्यानंतर मी कधी तुमच्या पुढं गेलो नाही.

आणि ती वाट! लहानशा गावाचा तो तलाव, चैतात अर्धाअधिक आटलेला. बैलबंड्या पाळीचा लांबचा वळसा सोडून सरळ तलावाच्या पोटातून जायच्या. भेगाळलेल्या मातीत त्यांच्या चाकांच्या दोन रेघा, आणि त्या रेघांवरून आपण. उजवीकडे उरलेलं पाणी, त्यात ध्यान लावून उभी सारसांची जोडी. पलीकडच्या गावची माणसं पाहुण्यांना म्हणायची, "उन्हाळ्यात या, जवळ पडते." मला तो पत्ता देण्याचा प्रकार फार आवडायचा. ऋतूवर अंतर ठरतं, असं कुठल्या भूगोलात असतं?

आता सांगतो आज काय झालं ते. नात गोंदियाला कॉलेजात आहे. तिथल्या पोरापोरींचा सायकलचा गट आहे, दर रविवारी कुठंतरी निघतात. यावेळी हिनं सांगून टाकलं की आमच्या आजोबांना तलावांचे रस्ते ठाऊक आहेत. गटातला एक पोरगा म्हणाला, "अरे यार, नक्शा है ना मोबाईल में." ही म्हणाली, "नक्शे में मोहाचा वास नाही येत." मग माझ्याजवळ येऊन बसली, "आजोबा, तुमच्या गुरुजींवाला रस्ता सांगा. बिलकुल तोच पाहिजे." माझा मुलगा पेपरातून डोकं काढून म्हणाला, "बाबांचं ऐकशील तर नागझिऱ्याच्या वाघाले जाऊन भेटशील." गुडघा बदलल्यापासून मुलाच्या लेखी मी नि सायकल हा विषय बंद आहे. माझी सायकल त्यानं माळ्यावर चढवली आहे. पण मी रस्ता सांगितला, गुरुजी. वळणावळणानं, झाडाझाडानं सांगितला. नात टिपत गेली आणि मी सांगत गेलो. किती दिवसांनी घरात माझं कुणी एवढं कान देऊन ऐकत होतं.

ती निघून गेली. मी ओसरीवर चहा घेत होतो. समोरच्या बांधीत, धानाच्या खाचरात, लाखोळीला निळी फुलं आली आहेत. धान निघाल्यावर त्याच ओलीवर हे कडधान्य वाढतं. त्या निळ्याकडे बघताबघता माझा कप हातातच राहिला. लाखोळी फुलली म्हणजे हिवाळा, म्हणजे तलाव तुडुंब आहेत. आणि मी पोरांना तलावाच्या पोटातून पाठवलं!

फोन लावला, तिकडे रेंज नाही. पाणी दिसल्यावर त्यात कुणी सायकल घालणार नाही, एवढी अक्कल त्यांना आहे, ती भीती नाही. भीती दुसरीच आहे. काठावर दहा जणं उभी असतील, समोर पाणीच पाणी, आणि ती सगळी माझ्या नातीकडे बघत असतील. तिनं माझ्या शब्दावर मोबाईल नाकारला होता. संध्याकाळी ती येईल, मला बोलणार काहीच नाही, तशी ती गुणाची आहे. पण पुन्हा रस्ता विचारायला माझ्याजवळ बसणार नाही. तेवढ्यासाठीच हे लिहीत बसलो. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? सून म्हणेल, "बाबा, कायले टेन्शन घेता?"

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. मला वाटलं नात. दार उघडलं तर गुडघ्यापर्यंत ओला, डोक्याला टापर बांधलेला म्हातारा, हातात सायकल. ओळखायला वेळ लागला. शाळेत माझ्या शेजारी बसणारा, तुमच्या कवितांना पाठीमागून मोठ्यानं जांभया देणारा तो ढिवराचा, मासेमाराचा पोर! नोकरीसाठी मी नागपूरला गेलो त्यानंतर आज दिसला.

"काऊन गा कवी," दारातूनच सुरू झाला, "पोट्ट्यांले पाण्यातून पाठवून राहिला का? तलावात डोंग्यातून शिंगाडे काढून राहिलो होतो, तं काठावर दहा सायकली! म्हटलं, हा रस्ता सांगतला कोनं? तुयी नात म्हनते, आमचे आजोबा उन्हाळ्यातच रायते."

"चिडली का रे ती?"

"चिडते कायले? शिंगाडे खाऊन राहिली. साऱ्याइले सांगून राहिली का रस्ता इथंच आहे, पान्याच्या खाली. बाकीचे म्हनते परत चला. हे पोट्टी म्हनते, आजोबाले आना, पुढचा रस्ता तेच सांगतीन. हालतच नाही ना जागची. म्हनून आलो. चाल, बस मागं."

"माझा गुडघा बदललाय."

"माये दोन्ही जुनेच आहेत. बस."

तो अंगणात सुनेच्या हातचं पाणी पितो आहे आणि मी चष्मा शोधतो असं सांगून आत येऊन हे लिहितो आहे. आता हे पत्र इथंच, कवितेच्या जुन्या पुस्तकाखाली राहील. फक्त एक, गुरुजी. तिथं गेल्यावर पोरं विचारतील, पाळीवरून कसं जायचं. मला ठाऊक नाही. उन्हाळ्याशिवाय त्या तलावावर मी कधी गेलोच नाही.