भाडेपट्ट्याचं घर

अब्बा, घर विकलं. परवा नोंदणी झाली. हे तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि माझा धाकटा भाऊ असल्या कामाला उपयोगाचा नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. घरात आपण दखनीत बोलायचो, पण या घराचे सगळे कागद मराठीत. त्यावरून झालेली आपली भांडणंही कागदातल्याच शब्दांत व्हायची. तेव्हा हेही मराठीतच लिहिते.

आपल्या गल्लीची जमीन नगरपालिकेची. तुम्ही नुकतंच विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान टाकलं होतं, तेव्हा पालिकेनं कारागिरांना भाडेपट्ट्यावर प्लॉट दिले. घर बांधा, दरसाल भाडं भरा, मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा, आणि परवानगीशिवाय कुणाला देऊ नका. एवढ्या साध्या अटी, पण गल्लीनं त्या लग्नातल्या भाषणासारख्या एका कानानं ऐकल्या. ज्याला जायचं तो बाँड पेपरवर घर 'देऊन' जायचा. नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, सगळ्यांना चहा, आणि किल्ली दिली की झालं. म्हणून आजही आपली निम्मी गल्ली दुसऱ्यांच्या नावानं जगते. फळवाल्याचं लाइट बिल एका कंपाउंडरच्या नावानं येतं आणि कंपाउंडरच्या घरात कोण राहतं हे पोस्टमनलाच विचारावं लागतं. तुम्ही मात्र बिल आलं की आधी नाव वाचायचात, मग आकडा. नाव तुमचंच असायचं. आकड्यावर तुम्ही चिडलेले मला आठवत नाहीत.

पट्ट्यात लिहिलं होतं, वापर फक्त राहण्यासाठी. या एका ओळीनं अम्मीला आयुष्यभर छळलं. बाकी सगळ्या कारागिरांची दुकानं घराच्या पुढच्या खोलीत, आणि तुम्ही मोठ्या रस्त्यापलीकडे पत्र्याच्या शेडचं वेगळं भाडं भरत होता. एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. उन्हाळा आहे, तुम्ही नुकतेच दुकान बंद करून आलात, अम्मी स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापते आहे, आणि कडा गावाकडचा एक शेतकरी जळालेली मोटर टेम्पोत घालून थेट दारात येतो. त्याचा ऊस वाळत चाललाय. मोटर उतरवायला तो हात घालतो तसे तुम्ही उंबऱ्यात आडवे उभे राहता. आतून अम्मी म्हणते, "मोटर अंदर रक्खे तो क्या होता जी?" पाहुण्यालाही कळावं म्हणून तुम्ही उत्तर मराठीत देता, "पट्ट्यात राहण्यासाठी असं लिवलंय. माणसं राहतेत. मोटर राहत न्हाई, ती दुरुस्त हुती." मग त्या माणसाला पोटभर जेवायला घालून, त्याच टेम्पोत बसून तुम्ही शेडवर गेलात. अम्मी कपाळाला हात लावून हसली. मीही हसले, पण मला तुमचं फार भारी वाटलं होतं.

धाकट्याला घर विकून पुण्याला जायचं होतं तेव्हा तो दलाल घेऊन आला. दलाल गोड माणूस, आल्या आल्या तुमच्या चहाचं कौतुक केलं. म्हणाला, "चाचा, समदे बाँडवरच देतेत. तुमाला कावून अडचण हाय?" तुम्ही बशी खाली ठेवलीत. "मला कशाची अडचण? घेणाऱ्याला हाय. आज त्याला किल्ली दिली. उद्या पट्टा सरला की पालिका इचारल, तू कोण? मंग तो माझ्या कबरीवर येऊन इचारल का, चाचा मी कोण म्हणून?" धाकटा पुटपुटला की ज्याचं त्याला कळतं. तुम्ही त्याच्याकडे वळलात. "गप बस बे. भिंती आपल्या हायत, जमीन न्हाई. इकायला मनाई न्हाई. जमिनीच्या मालकाला आदी इचारायचं, मंग इकायचं. एवढं इचारायला जीभ झडती का तुजी?" धाकटा पुण्याला गेलाच, पण रिकाम्या हातानं, आणि तिथं त्याचं बरं चाललंय. तुमची ती बोलणी त्याला पुढं कामाला आली, हे मी सांगितलं तर तो मान्य करणार नाही.

अम्मीमागं तुम्हीही गेलात, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी आधी वारसांची नोंद लावली, कारण पट्टा तुमच्या नावावर असेपर्यंत आमच्या सहीला काडीची किंमत नव्हती. मग त्याच दलालानं गिऱ्हाईक आणलं. सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर, एकटी, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिनं घर पाहिलं, गच्ची पाहिली, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. चहा प्यायच्या आधी मी तिला सांगून टाकलं, की ताई, तुम्ही जमीन घेत नाही. भिंती घ्याल आणि पट्ट्याची उरलेली वर्षं घ्याल. पुढं नूतनीकरण तुम्हाला करावं लागेल, आणि अटी मोडल्या तर पालिका पट्टा रद्द करू शकते. दलालानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्याच चहात मीठ टाकलं. सिस्टरनं भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "आमी कारखान्याच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलो, ताई. आमच्याकडं पट्टा पडला म्हंजी ऊस सरला, हंगाम संपला, की कोपी मोडायची. मला कुणी कवा सांगितलंच न्हाई, की हितं अमुक वर्षं ऱ्हा म्हणून. तुमी सांगितलं. मला ही वर्षं लई हायत." तिथंच मी ठरवलं की घर हिलाच द्यायचं, आणि तिला उद्या कुणापुढं मान खाली घालावी लागेल असं काही करायचं नाही.

पण अर्ज केला म्हणजे परवानगी हातात पडत नाही. वारस नोंदीवर हरकत घ्यायची मुदत जाऊ द्यावी लागते, हस्तांतरणाचं शुल्क ठरावं लागतं, आणि सिस्टरला कर्ज हवं तर घर बँकेकडे गहाण ठेवायचीही वेगळी परवानगी. मधल्या काळात दलालानं दुसरा माणूस आणला, उद्याच बाँडवर घ्यायला तयार. त्यालाच देऊन मोकळं होऊ म्हणून धाकटा भांडला, आणि मी नाही म्हटल्यावर त्यानं फोनवर माझ्याशी बोलणं टाकलं. सिस्टरचा चेहरा रोज उतरत चालला होता. तिला वाटत होतं की घर हातचं गेलं, आणि खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं. धाकट्याची सही नाही म्हणजे काहीच नाही.

धाकटा ईदला आला तेव्हा आपल्या गल्लीतल्या टेलरचाचानं त्याला सोबत पालिकेत नेलं. चाचानं घर बाँडवर घेतलेलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या घराच्या मूळ पट्टेदाराची मुलं आता नूतनीकरण स्वतःच्या नावानं मागत होती. चाचानं आपला बाँड टेबलावर ठेवला. लॅमिनेट केलेला, अब्बा. आपल्या गल्लीत सगळ्यांनी तेच केलंय, कागद फाटू नये म्हणून. कारकुनानं तो उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाला, "चाचा, ह्याला पाणी लागणार न्हाई, एवढंच." धाकटा घरी आला तो थेट आत येऊन म्हणाला, "आपा, सही कुठं करायची ते सांग." चाचाचं अजून मिटलेलं नाही. पण ती मुलं सह्या द्यायला तयार झालीत, आणि पुढचे अर्ज मी लिहून देते आहे.

बँकेच्या वकिलानं आपले कागद तपासले. नूतनीकरण मुदतीत, भाडं थकलेलं नाही, वापर राहण्याचाच, वाढीव बांधकाम मंजूर. तो मला म्हणाला की या गल्लीतल्या घरावर बँक पहिल्यांदाच कर्ज देते आहे. सिस्टरनं हे ऐकलं आणि माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. तिच्या नावावर घर व्हायला माझी धावपळ थोडी उपयोगी पडली असेल, पण खरं ते तुमच्यामुळं झालं. तुमच्याबद्दल मला इतकं भरून आलं की मी वकिलाकडं पाहायचंच टाळलं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, कबरीवरही वाचणार नाही, तिथं धाकटा सोबत असतो. एवढंच एक सांगायचं राहिलं. नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्यानं मला विचारलं, मूळ पट्टेदाराशी नातं काय? मी म्हणाले, मुलगी. त्यांनी लिहून घेतलं, अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं आणि सिस्टरकडे वळले. माझं काम झालं होतं. तरी मी तिथंच उभी राहिले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "मुलगी आहे मी त्यांची." कुणी विचारलं नव्हतं, अब्बा.