झिजलेली दाढ

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

प्रिय ठमे,

आज मुलाखत झाली. साडेआठला निघालो, दहाला पोचलो, अकरापर्यंत बाकावर बसलो. एकला सुटलो. येताना ब्रेड घेतला. पाय धुतले आणि लिहायला बसलो.

आमची लॅब बंद होऊन चार महिने झाले, ते तुला ठाऊक आहे. तीस वर्षं एकाच टेबलाशी बसून लोकांचे दात आणि कवळ्या बनवल्या, तिथे फारसं बोलावं लागत नव्हतं. आजच्या आधी तीन मुलाखती दिल्या, ते मात्र तुला सांगितलं नव्हतं. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की मी नाव सांगून थांबायचो. दुसऱ्या ठिकाणी तर मी माफी मागून मधूनच उठून आलो.

तुझी आई असती तर तिने तालीम घेतली असती. तू शाळेत असताना मी एकदा दुसरीकडे अर्ज केला होता, तेव्हा घेतली होती तशी. माझा चष्मा नाकावर चढवून ती पलंगावर साहेब होऊन बसली होती. "या मुखदुर्बळ, बसा. स्वतःबद्दल दोन शब्द बोला. दोनच हं, तिसरा तुमच्याकडे नसतोच." तू दाराआड खिदळत होतीस. मग म्हणाली, "अहो, घाबरायचं कशाला? साहेबाच्या तोंडात बघा. एखादा दात खोटा असणारच, आणि तो तुमच्यासारख्यानेच बनवलेला असणार."

आज मी बघितलं. मुलाखत घेणाऱ्या, त्या लॅबच्या मालकीणबाईंचे सगळे दात खरे होते.

बोलणं नेहमीसारखंच फसलं. मग त्यांनी मेणाचा ठोकळा आणि सुरी पुढे ठेवली. खालची डावी पहिली दाढ कोरायची, वेळ एक तास. हाताला बोलावं लागत नाही, त्यामुळे ते जमलं. चाळीस मिनिटांत दाढ झाली. त्यांच्याकडचे एक म्हातारे कारागीर ती दिव्याखाली फिरवून बघत राहिले. म्हणाले, "अहो, पुस्तकातल्या दाढेची पाचही टोकं उभी असतात. ही बाहेरच्या बाजूने पार सपाट झालीय. तीस वर्षं काम केलेला माणूस अशी चूक करत नाही. कोणाची आहे ही?"

तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दाढ आईची होती.

तू दहावीत असताना तिची उजवीकडची दाढ काढली. मी तोंडाचं माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा ओतला आणि पुढच्या महिन्यात दाढ बसवून देतो म्हणालो. दर महिन्यात दुसऱ्या कोणाचं तरी काम निघालं. नऊ वर्षं ती डावीकडूनच चावत राहिली. कोणी माझ्या कामाची स्तुती केली की एवढंच म्हणायची, "हो ना, साऱ्या गावाला दात देतात. मी रांगेत आहे."

मी त्यांना म्हणालो, माझ्या बायकोची. ती फेब्रुवारीत गेली.

हे मी कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना तू सांगितलंस, नोंदणी कार्यालयात मी अर्ज लिहून दिला. नंतर त्यांनी दहा-बारा प्रश्न विचारले. नवी यंत्रं येतात का, या वयात झेपेल का. मी सगळ्यांची उत्तरं दिली. त्या एका प्रश्नापुढे बाकीच्यांत घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नोकरी मिळाली नाही. त्यांना पुस्तकाप्रमाणे काम करणारा माणूस हवा, आणि ते बरोबरच आहे. म्हातारबुवा दारापर्यंत आले आणि दाढ माझ्या हातावर ठेवून गेले. मंगळवारी दुसरीकडे बोलावलं आहे. घाबरलो तरी जाईन.

आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू विचारलं होतंस, "बाबा, तुम्हाला तिचं काहीच आठवत नाही का? एक शब्द तरी बोला." मी उठून गेलो. तेव्हापासून तू फोनवर गोळ्या घेतल्या का एवढंच विचारतेस. हे पत्र तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशीर झाला. माझ्याकडून उशीरच होतो. दाढ पाठवणार होतो, पण मेण वाटेत वितळेल. मग फळीवरचा तिचा साचा काढला आणि मेणाची दाढ त्यातल्या डाव्या दाढेशेजारी ठेवून पाहिली. साच्यातली नऊ वर्षांपूर्वीची, कमी झिजलेली आहे. मेणाची तिच्याहून जास्त झिजलेली आहे. म्हणजे नंतरची नऊ वर्षंही मी बघत होतो, ठमे. बघत होतो आणि उजवीकडची बसवून दिली नाही.

आता पाकीट बंद करून ब्रेड खाऊन घेतो. हल्ली मीही डावीकडूनच चावतो.

तुझाच,
बाबा