एकाच नावाच्या खुणा

१२ जानेवारी
पूजाच्या खुणांची फाइल अखेर अनिताकडे पाठवली! रोह्यात ती कॉम्प्युटरचंच काम करते, तिला येतं हे सगळं. पूजाला जन्मापासून ऐकू येत नाही — खुणांचे व्हिडिओ मी कितीतरी वर्षं जमवतेय. फोनवरून, लॅपटॉपवरून, शाळेच्या बाईंकडून. सगळे बुकमार्क एकत्र केले तर तीच लिंक तीन-तीनदा! पोरीला एक शब्द दाखवायचा तर शोधतच बसायचं. अनिता छोटी स्क्रिप्ट लिहिणार, दुबार नोंदी आपोआप उडणार. फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं — लिंक बघून काढ, नाव बघून नको. आणि मूळ फाइल ठेव. ‘व्हय व्हय, कळला गो!’ बालवाडीपासूनची मैत्रीण. काळजी मिटली.

१५ जानेवारी
फाइल आली. तिचा मेसेज — आधीचं सगळं काढ, मग ही चढव. फोनमधलं, लॅपटॉपमधलं, तिला पाठवलेली फाइलसुद्धा — सगळं काढलं, ही चढवली. काय सुटसुटीत!

१६ जानेवारी
पूजाने होडीचं चित्र काढलं, खूण विचारली. ‘नाव’ उघडलं — तर माणसाचं नाव! होडीवाली ‘नाव’ गायब. ‘भात’ बघितलं. ताटातला आहे, शेतातलं गेलं. ‘वर’ — नवरदेव राहिला, वरची दिशा नाही. म्हणजे नाव बघूनच उडवलं! नको म्हटलं तेच केलं. पूजा माझा हात ओढतेय, दाखव, दाखव. काय दाखवू?

१७ जानेवारी
अनिता फोन उचलत नाही. मेसेज टाकला — मूळ फाइल दे. उत्तर — ‘ती नाय ठेवली. तू सांगितलंस तसाच केलाय.’
मी सांगितलं? मी?!

१८ जानेवारी
रोह्याला गेले. गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत ठरवत होते, ओरडायचं नाही. दारात तिला बघितलं आणि सुटलेच.
‘माझ्या पोरीचे शब्द घालवलेस! आणि वर खोटं बोलतेस?’
‘बस गो. चहा टाकते.’
‘लाज नाय वाटत तुला?’
‘साखर कमीच ना?’
साखर! मी समोर रडतेय आणि ही साखर विचारते! तशीच उठले. पाणीसुद्धा घेतलं नाही. परक्याने केलं असतं तर विसरले असते. हिने माझ्या पूजाला मांडीवर खेळवलंय. हिला ठाऊक होतं एकेक खूण म्हणजे काय ते — तरी!

१९ जानेवारी
काही लिहावंसं वाटत नाही. तिचा नंबर काढून टाकला.

२० जानेवारी
प्रवीणचा फोन — अनिताच्या नवऱ्याचा. ‘ताई, रागावू नका. तिला ऐकायला येत नाय. दिवाळीपासून कमी कमी होत गेला, आता कायच नाय. कुणाला सांगू देत नाय. समोरचा बोलला की व्हय म्हणते नायतर चहाचा विचारते. तुम्ही गेल्यावर मलाच विचारत होती — नमिता का रडत होती?’
उद्या रोह्याला जाते. पूजाला घेऊन.