प्रवेशद्वारावरचे वनवासी

५ जानेवारी
बेळगुंदीच्या साहित्य संमेलनाचं निमंत्रण घेऊन संयोजक भरमा घरी आला. परिसंवादाचा विषय : फॅन्टसीची साहित्यिक गुणवत्ता. तुमच्यासारखा जाणकार दुसरा न्हाय सर, म्हणाला. तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, लगेच हो म्हटलं. फॅन्टसी एकही वाचलेली नाही. आठ दिवसांत दहा होतील.

९ जानेवारी
पहिली कादंबरी सातशे पानांची. पान अकरा. ड्रॅगन अजून आलेला नाही.
दुसरी वक्ता उपासना, माझीच जुनी विद्यार्थिनी, आता वकील. तिनं म्हणे कपाटभर फॅन्टसी वाचली आहे. रात्रभर जागा होतो. भीती नव्हे, ॲसिडिटी.

१२ जानेवारी
उपाय सापडला. कुणीच न वाचलेल्या लेखकावर बोलायचं. असा कुणी आठवेना, म्हणून तयार केला : के. रा. वनवासी. जांबोटीच्या रानात राहून पाच कादंबऱ्या, शेवटची २००३ साली. कुणी पत्ता मागू नये म्हणून १९९८ सालीच मारून टाकला. टिपण भरमाला पाठवलं. शांत झोप लागली.

१३ जानेवारी, सकाळ
भरमाचा फोन. आपल्या भागातला एवढा मोठा लेखक आणि आपल्याला पत्ता न्हाय, लई वाईट वाटलं सर, म्हणाला. प्रवेशद्वाराला वनवासींचं नाव देणार. फोटो पाहिजे.
अल्बममधला दिवंगत सासऱ्यांचा पाठवला. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होते, पण चेहरा विचारवंताचा.
बायकोला, लतिकाला, संमेलनाला न्यायचं नाही. ठरलं.

१८ जानेवारी
नको म्हटलं तरी लतिका संमेलनाला आलीच. कमानीवर तिचे आप्पा, सहा फुटी, हार घातलेले. ती पदर डोळ्यांना लावून उभी. टोपणनावानं लिहीत होते व्हय आप्पा, आणि सांगितलं फक्त जावयाला, म्हणाली. मी मान हलवली. ती कशी हलली कळत नाही.
भाषणात उपासना म्हणाली, फॅन्टसीत काहीही चालत नाही. लेखकानं आपलेच नियम पाळले तर ते साहित्य. खाली उतरल्यावर तिनं हळूच विचारलं, सर, वनवासी वारले अठ्ठ्याण्णवला, मग पाचवं पुस्तक कुणी लिवलं? कुणाला सांगत न्हाय, म्हणाली, पण काकूंना आता पुस्तक दाखवावं लागंल.

१९ जानेवारी, दुपारी चार
लतिकानं निपाणीला सगळ्यांना फोन केले. रविवारी भावंडं येणार. आप्पांची कादंबरी मी मोठ्यानं वाचून दाखवायची.
सहा दिवस आहेत. रोज शंभर पानं लिहीन, सहज. सकाळपासून बसलो आहे. वनवासींचं चरित्र तयार, तीन पुरस्कार तयार. पहिलं वाक्य येत नाही.
लतिकानं आप्पांचा फोटो टेबलावर आणून ठेवला आहे. ते चष्म्यातून माझ्याकडेच बघतात. मी उलटा करून ठेवला. तिनं येऊन पुन्हा सरळ केला.