चंद्रावरची केळी आणि भरताचं वांगं

८ जानेवारी १९८९
चष्मा कपाळावरच आहे गं, शोधू नकोस! ही वही पुढे वाचणार कोण — वैजूच. तोवर तिलाही चष्मा लागलेला असणार, आणि तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. आत्ताच पेनाचं टोपण शोधत होती. तोंडातच होतं!
मी बोलते, ही नात वैजू लिहिते. मला अक्षर येत नाही. बोलायला कुठे लागतं?
बातमी अशी — निबंधात वैजू यावल तालुक्यात पहिली. आता धुळ्याला मोठी स्पर्धा, एकोणतीस तारखेला. तिथेच बसून लिहायचं. विषय — पंचवीस वर्षांनंतरचं माझं घर. नववीतली पोर! लिहायला म्हणून आमच्यातलं कुणी गावाबाहेर गेलं नव्हतं.

१४ जानेवारी
केळीच्या मुलखातली, फैजपूरची पोर सालीवरून घसरली असती तर समजलं असतं. ही सायकलवरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.
आज वैजूची आई, माझी सून कुंदा लिहितेय. तिच्याबद्दल आता काही बोलायची सोय राहिली नाही. वही बारीक होणार!

१६ जानेवारी
वैजूच्या शाळेतले तोताराम मास्तर आले. "आजी, परवानगी मिळाली. वैजयंतानं सांगायचं, सातवीतली एक मुलगी लिहील."
वैजू रडायलाच लागली. "मला हातानं सुचतं गं आजी, तोंडानं नाही!"
म्हटलं, बस इथं. लिहिणारीच्या बोटांकडे बघायचं. पेन थांबला की पुढचं बोलायचं. ती गालात हसली की समजायचं, वाक्य जमलं. आणि मागं वळून खोडायचं नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

२१ जानेवारी
रोज दुपारी वैजू बोलते, कुंदा लिहिते. पहिल्या दिवशी चार ओळी. आज दोन पानं! कुंदा दोनदा हसली. — हे लिहायला नको म्हणते. लिही!

२९ जानेवारी
वैजू धुळ्याहून संध्याकाळच्या एसटीनं आली.
"काय सांगितलंस?"
"चंद्रावर केळीची बाग लावली, आजी."
"आणि घर?"
"घर आहेच की." माझ्याकडे बघेना.

१९ फेब्रुवारी
पहिली! मास्तरांनी निबंधाची नक्कल आणून दिली. कुंदानं वाचला. चंद्रावर केळीचे घड. खाली घरात माझा मुलगा कौतिक म्हातारा, कुंदाचे केस पांढरे. आमची म्हैससुद्धा जिवंत! मग कुंदा थांबली.
"वाच."
"'आजी नाही. तिची वही मी वाचते आहे. पहिल्याच ओळीत ती मला रागावते — चष्मा कपाळावर आहे.'"
वैजू दारामागं. "रागावलीस?"
"म्हशीला पंचवीस वर्षं जगवलंस गं, आणि मला नाही?"
"तोंडातून गेलं, आजी. तूच म्हणालीस, खोडायचं नाही."
हसू आलं. 

२६ फेब्रुवारी
प्लास्टर निघालं. वैजूचं अक्षर वाकडं झालंय म्हणे — मला सगळं सारखंच.
लिही, वैजू. रडू नको, शाई पसरते. मी गेल्यावर आखाजीला — तुमच्या पुस्तकातली अक्षय्य तृतीया — गेलेल्यांच्या नावानं घास काढाल, तेव्हा मला पुरणपोळी पाठवू नको. जन्मभर सगळ्यांसाठी लाटली, मला कधी आवडली नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठव, आणि हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत. वैशाखात भरताचं वांगं मिळत नाही म्हणशील — चंद्रावर केळी लावलीस ना? तिथेच दोन रोपं वांग्याची लाव.