मोरीचं दार

पुणे, २ एप्रिल १९९१

ती. पंढरीमामांस,
मंदाचा सप्रेम जयभीम.

पत्रास कारण, माझा एम.फिल.चा प्रबंध अडला आहे. इंडोनेशियाने १९८५ साली जंगलातले ओंडके बाहेर विकणं बंद केलं, मलेशियाचे मात्र येत राहिले, असं मी लिहिलं. सर म्हणतात, हे कागदावरचं झालं; आपल्याकडच्या वखारीत खरंच तसं घडलं का ते दाखव, नाहीतर प्रकरण काढून टाक. ते काढलं तर उरतंच काय? तोंडी परीक्षा दहा मेला आहे.

तेवढ्यात आपलं मोरीचं दार आठवलं. वखारीत लाकूड कापायच्या आऱ्याच्या पात्याला खिळा लागू नये म्हणून तुम्ही ओंडक्यावर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला उपटता, आणि दर खेपेतला एक घरी आणून त्या दारावर ठोकता. खालून वर, वर्षाला एक रांग. लाल इंडोनेशियाचे, पिवळे मलेशियाचे ना? रांगेवार मोजून कळवाल? मामींना जयभीम.

आपली भाची,
मंदा

टेमघर, भिवंडी, १७ एप्रिल १९९१

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंधराला मिळालं. बाराला तुझ्या मामीने बाबासाहेबांच्या शताब्दीसाठी घर रंगवलं, मोरीच्या दारासकट. निळंशार! मी कपाळाला हात लावला. ती रडकुंडीला आली, पोरीची परीक्षा मीच बुडवली म्हणाली.

रॉकेलचं फडकं घेऊन बसलो, तर निळ्याबरोबर लाल-पिवळाही निघाला. माझा धीरच सुटला. पण मंदे, बिल्ल्यांवर ठशाची खोलगट अक्षरं आहेत, इतकी वर्षं मी ती कधी वाचलीच नव्हती. वरचा रंग पुसला आणि निळा अक्षरांत भरून राहिला. आता देशाचं नाव उंबऱ्यातून वाचता येतं! कंबरेपर्यंत दोन्ही देश. पंच्याऐंशीत इंडोनेशियाचे तीन, शहाऐंशीपासून एकही नाही, वर नुसता मलेशिया. मामीला म्हटलं, परीक्षा तूच तारलीस.

आकडे काय कळवायचे? दारच घेऊन येतो. जेवत जा वेळेवर.

तुझा मामा,
पंढरीनाथ

पुणे, १२ मे १९९१

ती. सौ. कलावतीमामींस,
सप्रेम जयभीम.

जिंकलो! मामा लाजून अर्धंच सांगतील, म्हणून लिहिते. एस.टी.च्या टपावर दार बघून कंडक्टरने भाचीचा रुखवत का म्हणून विचारलं, तर मामा हो म्हणाले.

बाहेरून आलेले परीक्षक दारापुढे चक्क मांडी घालून बसले. रांगा वाचत शहाऐंशीपाशी आले, आणि असा पुरावा मी आजवर पाहिला नाही म्हणाले. मग त्यांनी मलेशियाचं पुढे काय होईल ते मामांना विचारलं, मला नाही! मामा म्हणाले, ओंडके दरसाल बारीक येतायत साहेब, तेही हात आखडता घेतील. हे वाक्य मी मामांच्या नावासह प्रबंधात घालणार आहे. मला त्यांचा फार अभिमान वाटला, मामी.

सर दार विद्यापीठात, आमच्या विभागात ठेवायला मागतात. देऊ का? मोरीची अडचण होईल.

आपली लाडकी,
मंदा

टेमघर, २० जून १९९३

चि. प्रा. मंदास,
अनेक आशीर्वाद.

मलेशियाच्या साबा प्रांतानेही ओंडके बाहेर विकणं बंद केल्याचं तू पाठवलेलं कात्रण मिळालं. वखारीत मोठ्याने वाचलं. मुकादम लडकू मला भंगार गोळा करणारा म्हणायचा. आता तोच बिल्ले काढून माझ्यासाठी बाजूला ठेवतो. मी तुझा प्रबंध उघडून सगळ्यांना माझं नाव दाखवलं. कोणाचे हात तेलकट, म्हणून पान मीच धरलं होतं.

मामी सगळ्या आळीला सांगत फिरते की, दार इद्यापीठात हाय, मोरीला दोन वरसं परदा हाय, पन आपली काय तकरार न्हाय.

लोभ आहेच, तो दारासारखा जपून ठेव.

तुझा मामा,
पंढरीनाथ
(पान ८७)