मागून येणारी बस

३ सप्टेंबर, मंगळवार
डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून दोनदा ऐकलं. म्हणाल्या, "चालायला हरकत नाही." मी लगेच, "आणि पळायला?" चष्म्यावरून असं काही बघितलं! "न्यूमोनिया होता तुम्हाला, सर्दी नव्हे. सगळं हळूहळू." हळूहळू म्हणाल्या, नाही म्हणाल्या नाहीत. आणि हळूहळू सोडून मला दुसरं येतंय कुठे!

डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनमध्ये नाव आजारपणाआधीच घातलंय. एकवीस किलोमीटर. ते काढणार नाही.

कारण इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. जूनमध्ये मला खुर्चीत बसवून तीन जिने खाली उतरवलं. पुढून हे, मागून वॉचमन. वरून नणंद ओरडतेय, "अरे दादा, तिचं डोकं भिंतीला लागेल!" सगळे शेजारी दारात. ताप विसरले, ती खुर्ची विसरता येत नाही. मला परत कुणी उचलायला नको. बस्स.

१९ सप्टेंबर, गुरुवार
अर्धा किलोमीटर. गल्लीतलं कुत्रं मागे लागलं आणि कंटाळून मध्येच बसलं.

६ ऑक्टोबर, रविवार
चार किलोमीटर, न थांबता!! घरी येऊन दारातच आडवी झाले. नणंद मला ओलांडून आत गेली. "वहिनी, पायपुसणं छान आहे."

७ ऑक्टोबर, सोमवार
कालच्या रविवारी फार उड्या मारल्या ना—भोगा. घोटा मुरगळला. पळताना मुरगळला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी कामाला असते त्या चष्म्याच्या दुकानात, वरच्या फळीवरच्या फ्रेम काढून स्टुलावरून उतरताना धपकन पडले. खुर्चीतले आजोबा डोळे तपासायला बसले होते, ते समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतच राहिले. त्यांना चष्मा लागणार हे नक्की.

तीन आठवडे पळणं बंद. नणंद म्हणते, "देवाने दोनदा निरोप पाठवला. आता रजिस्टर्ड पोस्टाने पाठवू दे का?" हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१० नोव्हेंबर, रविवार
सहा किलोमीटर. घोटा कुरकुरतो, पण नणंदेपेक्षा कमी.

२४ नोव्हेंबर, रविवार
घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! शर्यतीच्या सगळ्यात मागे एक बस असते. ती ज्याच्या पुढे जाईल त्याने मुकाट्याने आत चढून बसायचं. बस पोचली की शर्यत संपली. यंदा ती बस कोण चालवणार? आमचे हे! हे चालवतात ती शाळेची बस रविवारी रिकामीच असते म्हणे.

"अहो, मला उचलाल?"
"वेळ म्हणजे वेळ. बायको झाली म्हणून काय झालं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

१ डिसेंबर, रविवार
चौदा किलोमीटर. त्यापुढे पाय म्हणाले, तू जा, आम्ही येतो मागून.

ह्यांना मिळालेला कागद पाहिला. कुठल्या किलोमीटरला बस किती वाजता हवी, सगळं छापलेलं. एकवीस किलोमीटरला साडेतीन तास. ह्यांनी त्याला प्लॅस्टिक लावून आणलंय. पण खरी भानगड बसच्या घड्याळाची. ते कायम सात मिनिटं पुढे! उशीर नको म्हणून ह्यांनीच लावलेलं, आणि बसमध्ये बसले की दुसरं कुठलंच घड्याळ मानत नाहीत. म्हणजे माझी सात मिनिटं आधीच गेली. म्हटलं, एका दिवसापुरतं बरोबर लावा.

"बावीस वर्षांत काटा हलवला नाही. एकदाही उशीर नाही."

चिडून मी भाजीत मीठ घातलं नाही. ह्यांनी निमूट खाल्ली. तेवढ्यानेही समाधान झालं नाही.

७ डिसेंबर, शनिवार
भीती वाटते. न पोचण्याची नाही, त्या बसच्या पायरीची. ती चढताना हे माझ्याकडे बघतील, तसंच, खुर्ची धरताना बघितलं होतं तसं.

८ डिसेंबर, रविवार
पोचले! पोचले पोचले पोचले!

मनगटी घड्याळ मुद्दाम घरी ठेवलं होतं—एका घरात एक घड्याळवेडा पुरे. दहापर्यंत मजेत. चौदाला पाय फितूर झाले. सतराला पोटरीत असा गोळा आला की फुटपाथवर बसकण मारली, आणि मागे वळणावर पिवळी बस! खिडकीत कॉलेजच्या दोन मुली केळी खात होत्या. "काकू, उठा! इथे जागा नाहीये!" हे प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी थांबायचे, कागद बघायचे, घड्याळ बघायचे, मग पुढे. ना हॉर्न, ना हाक. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले. चालले, लंगडले, थोडी पळालेसुद्धा. शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा बस अजून मागेच होती.

गळ्यात मेडल. नणंद चक्क रडली. मग म्हणाली, "घामाचा काय वास येतोय!"

ह्यांना विचारलं, "माझ्यासाठी हळू तर नाही ना चालवलीत?"
"बसच्या घड्याळाप्रमाणे मिनिटाचाही फरक नाही. शप्पथ."

हे खोटी शपथ घेत नाहीत. म्हणजे सात मिनिटं पुढच्या घड्याळालाही हरवलं मी! रात्री मेडल घालूनच झोपणार.

९ डिसेंबर, सोमवार
सकाळी शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन—बस दहा मिनिटं उशिरा आली, तुमच्या मिस्टरांची तब्येत बरी आहे ना? बावीस वर्षांत पहिल्यांदा! हे संध्याकाळी आले, चहा घेतला, पेपर उलटा धरून बसले.

दुपारी माझा निकालही आला मोबाईलवर. तीन तास छत्तीस मिनिटं. साडेतीन तासांत तर बस पोचायला हवी होती. काहीतरी चुकलंय शर्यतवाल्यांचं.

१० डिसेंबर, मंगळवार
पहाटे हे दाढी करत होते तेव्हा मी बसची किल्ली घेऊन खाली गेले. बसमधलं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं.

परत पहिल्यासारखं सात मिनिटं पुढे करून ठेवलं. वर येऊन चहा टाकला. ह्यांच्या कपात एक चमचा साखर जास्त घातली.